तिकिटाचं गाव

सोविंदामामांचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरला.
'शरीरावरची खूण' या रकान्याशी अडलो
तर त्यांनी उजवं बोट पुढे केलं:
कोशाचा धागा ओढून ओढून पडलेली खाच.
"थेच लिही. बाकी सारं बदलते."

कोसा संघाचे सात जण, नऊ दिवस चीन.
कारखाने झाले, यंत्रं झाली,
शेवटच्या दिवशी एक जुनं गाव दाखवलं.
हे ते चिचघाटला, सोसायटीच्या ओट्यावर सांगत होते,
बशीतला चहा तसाच धरून.

"आठशे वर्सं जुनं. जसंच्या तसं.
काळे कवेलू, पांढऱ्या भिती,
मधात अर्ध्या चंद्रावानी बोडी,
अन् नालीतलं पानी कसं, तर पिऊन घ्यावं."
"मंग शेन कुठं टाकतेत?" यमुनानं विचारलं.
मामा थांबले.
शेण दिसलं नव्हतं.
गोठा दिसला होता एक,
त्यात कॉफीचं दुकान.

"मानसं रायतेत का पन थ्या गावात?"
"रायतेत ना. तिकीट बंद झाल्यावर."

छपरांवर गोल सुपांत लालभडक मिरच्या.
मामांना वाटलं, भिवापूरच आलं.
कोणी बघत नाही असं पाहून एक उचलली, चावली.
"तिखटच नाही ना बाप्पा.
मागच्या सालची असन. फोटोची मिरची."
ओटा हसला.
मामा नाही हसले.

मग एका घरात दोरी आडवी बांधलेली,
दोरीपल्याड म्हातारी, उकळत्या पाण्यातून
धागा काढत बसलेली, नऊ ते पाच.
लोक फोटो काढून पुढे जात.
मामांनी तिचं बोट पाहिलं.
खाच. त्याच जागी.

नमुन्यातला एक कोसा खिशात उरला होता,
आपल्या येनावरचा, मातकट,
कोंबडीच्या पहिल्या अंड्याएवढा.
दोरीवरून हात लांबवून दिला.
तिनं तो उजेडात धरला नाही,
नखानं टोकरला नाही.
कानाशी नेला, आणि हलवला.

इथे ओट्यावर कोणी काही बोललं नाही.
चिचघाटच्या हाटात कोणतीही बाई हेच करते.
भाव नंतर, आधी कान.
आत किडा जिवंत असेल तर जड आवाज येतो,
शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलावी तसा.
मेला असेल तर नुसता खुळखुळा.

"मंग? का म्हनली?"
"का म्हनन? हासली. दात नव्हते.
मंग झेंडावाली पोरगी कल्ला कराले लागली,
बस सुटते म्हनून."

दुसऱ्या दिवशी पोरांनी आमच्या वेशीत सुतळी बांधली.
वेस म्हणजे एकच खांब,
दुसरा मी जन्मायच्या आधी रस्त्यात गेला.
येनाचं पान तिकीट, दर एक चिंचोका.
रघूचा बैल फुकटात घुसला,
सुतळी छातीवर घेऊन.
भागरतामामी मोहाची टोपली घेऊन आल्या,
"माह्याच गावात?" म्हणाल्या,
पण दोन फुलं मोजली पोराच्या हातावर
आणि आत आल्या हळूहळू, पाहुणीसारख्या,
चक्कीकडे, टॉवरकडे, स्वतःच्या दाराकडे
मान वर करून बघत.

खरं तिकीट मला हवं होतं, जपून ठेवायला.
त्यावर काळ्या कवेलूंचं चित्र आहे, लाल शिक्का आहे.
आठवडाभर शोधलं.
सापडलं मामींच्या टोपलीत,
चार घड्या घातलेलं,
वर तुटका धागा गुंडाळत आणलेला.

"सोडू नको," त्या मान न उचलता म्हणाल्या,
"अर्धा कोसा बाकी हाये."